अध्यापकांची आवडती कादंबरी

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात इबादान नावाचे मोठे शहर आहे. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात 1952 च्या सुमारास इंग्रजी साहित्याच्या वर्गात एक प्रसंग घडला आणि पुढे साऱ्या जगाच्या साहित्यविचारात तो गाजला. प्रसंग दंग्याधोप्याचा नव्हता. वर्गात एक कादंबरी शिकविली जात होती आणि तिच्यावर चर्चा चालली होती, एवढेच. विद्यार्थी नायजेरियन, अध्यापक युरोपीय. चर्चेच्या ओघात एका विद्यार्थ्याने अध्यापकांना सांगितले, की या संपूर्ण पुस्तकात आपल्याला आनंद झाला तो एकाच ठिकाणी; कथानायकाला अखेरीस गोळी घालून ठार मारले जाते त्या ठिकाणी!

अध्यापक थक्क झाले. नायक मरण पावला म्हणजे वाचकाचे डोळे पाणावावेत, ही कादंबरीची जुनी रीत. येथे तर वाचकाला हायसे वाटत होते. मग तो विद्यार्थी निर्दय होता की काय? मुळीच नव्हे. त्याच्या बोलण्यात एका अपमानाचा उच्चार होता, आणि तो अपमान करणाऱ्याला आपण कोणाचा अपमान करीत आहोत याची गंधवार्ताही नव्हती. विद्वान, सज्जन आणि विद्यार्थ्यांचे हित चिंतणाऱ्या अध्यापकाच्या मनातही एखाद्या संपूर्ण समाजाविषयी पूर्वग्रह कसा नांदू शकतो, आणि तो उघडकीला आला म्हणजे विद्यार्थ्याने काय करावे, हा प्रश्न त्या दिवशी इबादानच्या वर्गात उभा राहिला. त्याच वर्गात चिनुआ अचेबे नावाचा एक तरुण विद्यार्थी बसला होता. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्याचे पुढील सारे आयुष्य खर्ची पडले.

ती कादंबरी होती जॉइस कॅरी यांची 'मिस्टर जॉन्सन'. कॅरी हे आयर्लंडात जन्मलेले लेखक. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर नायजेरियातील ब्रिटिश राज्यकारभारात त्यांनी काही वर्षे नोकरी केली होती. त्या अनुभवाच्या आधारे लिहिलेली ही कादंबरी 1939 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक जॉन्सन हा दक्षिणेकडून उत्तरेतील फाडा या ठाण्यात आलेला तरुण नायजेरियन कारकून. तो आनंदी आहे, उधळ्या आहे, कर्जबाजारी आहे, आणि आपला इंग्रज साहेब रडबेक याच्यावर त्याची आंधळी भक्ती आहे. रडबेकला रस्ता बांधण्याचे वेड. पैसा अपुरा पडतो तेव्हा जॉन्सन हिशेबात फिरवाफिरव करून साहेबाचा रस्ता पुरा करण्याची वाट काढून देतो. पुढे त्याची नोकरी जाते, त्याच्या हातून एका गोऱ्या दुकानदाराचा खून होतो आणि त्याला मृत्युदंड ठोठावला जातो. फाशी जाण्यापेक्षा साहेबाच्या हातून मरण यावे, अशी तो रडबेकची विनवणी करतो. आणि रडबेक त्याला स्वतः गोळी घालतो.

युरोप-अमेरिकेत या पुस्तकाची वाहवा झाली होती. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने 1952 च्या ऑक्टोबरात कॅरी यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले आणि आफ्रिकेवर लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांत 'मिस्टर जॉन्सन'ला पहिला मान दिला. अशा वेळी इबादानच्या अध्यापकांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ यांच्या जोडीला या मुलांना त्यांच्याच देशाचे चित्रण असलेले एक पुस्तक द्यावे, म्हणजे त्यांना ते जवळचे वाटेल, आपली आठवण ठेवली म्हणून ती संतोष पावतील, असाच त्यांचा शुद्ध हेतू असला पाहिजे. भेट द्यावी तशा प्रेमाने ते पुस्तक वर्गात आणले गेले. विद्यार्थ्यांनी ती भेट उघडून पाहिली, तेव्हा आत त्यांना स्वतःचे विद्रूप केलेले मुख दिसले.

ज्या कारकुनाकडे पाहून लंडनचा वाचक कौतुकाने हसत होता, तो त्या विद्यार्थ्यांना ओळखू येईना. त्यांचे वडील, चुलते, थोरले भाऊ कारकून होते, शिक्षक होते, धर्मोपदेशक होते. ती माणसे घरात कशी वागतात, कर्ज काढताना कशी लाजतात, साहेबासमोर कशी बोलतात आणि साहेबाच्या पाठीमागे कशी बोलतात, हे सारे त्यांना ठाऊक होते. त्यांतील कोणीही जॉन्सनसारखा बालिश नव्हता. शिवाय नायकाचे पात्र सोडले तरी फाडा गावाचे वर्णन, तेथील लोकांच्या नाचाचे वर्णन, त्यांच्या चेहऱ्यांचे वर्णन यांतून एक प्रकारची शिसारी सतत पाझरत होती. अचेबे यांनी उतारवयात, 1998 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या प्रसंगाकडे वळून पाहिले आणि त्या पुस्तकातील वरवरच्या विनोदाखाली तिरस्काराचा हा झरा कसा वाहत आहे, हे दाखवून दिले. ही व्याख्याने 2000 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या वर्गातील विद्यार्थी इंग्रजी साहित्याचे वैरी नव्हते. त्या साहित्याच्या प्रेमानेच ते तेथवर आले होते. अचेबे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1930 चा, ओगिडी या गावी, इग्बो समाजात. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक. उमुआहिया येथील सरकारी शाळेत चिनुआने इंग्रजी कथा-कादंबऱ्यांचा फडशा पाडला. आफ्रिकेतील साहसाच्या गोष्टी वाचताना त्या मुलाचे मन गोऱ्या प्रवाशांच्याच बाजूने असे. हा शूर प्रवासी रानटी लोकांच्या तावडीतून सुखरूप सुटावा म्हणून त्याचा जीव कासावीस होई. ते रानटी लोक म्हणजे आपलेच आजे-पणजे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसे. पूर्वग्रहाचे सामर्थ्य किती असते, ते यावरून दिसून येते. तो ज्याच्याविषयी असतो त्याच्याही मनात शिरून बसतो.

1948 मध्ये इबादानचे कॉलेज सुरू झाले तेव्हा अचेबे तेथे वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. वर्षभरातच त्यांनी तो मार्ग सोडला आणि इंग्रजी, इतिहास व धर्मशास्त्र हे विषय घेतले. त्यामुळे शिष्यवृत्ती गेली; थोरल्या भावाने पदरमोड केली म्हणून शिक्षण पुढे चालले. हे कॉलेज लंडन विद्यापीठाच्या छायेखाली होते. पदवी लंडनची, आणि अभ्यासक्रमाला मान्यताही लंडनची. इबादान ही योरुबा लोकांची नगरी. तेथे इग्बो भाषेचा हा मुलगा आधीच परक्या भाषेच्या मुलखात राहून शिकत होता. आपल्या बोलीचा मुलूख मागे ठेवून दुसऱ्या भाषेच्या शहरात शिकणे म्हणजे काय, हे इंदूर, वडोदरे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांना वेगळे सांगावयास नको. तथापि वर्गात शिरताच योरुबा काय आणि इग्बो काय, सारे एका रांगेत बसत. कारण फळ्यासमोर जी भाषा आणि जे साहित्य उभे होते, ते दोघांनाही सारखेच दूरचे होते.

अध्यापकवर्गाविषयी अचेबे यांनी पुढे ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत कडवटपणा कमी आणि मिस्किलपणा अधिक आहे. एकदा इंग्रजी विभागाने लघुकथांची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अचेबे यांच्या कथेचा मात्र गौरवाने उल्लेख झाला आणि तिच्यात रचनेची उणीव आहे, असा शेराही मिळाला. विद्यार्थ्याने अध्यापिकेकडे जाऊन ही रचना म्हणजे काय ते समजावून सांगण्याची विनंती केली. आज नको, पुढे पाहू, असे होता होता सत्र संपत आले. अखेर त्या बाईंनी सांगितले, की आपण ती कथा पुन्हा वाचली. तिच्यात वास्तविक काहीच चुकलेले नाही! शेरा देताना कथा वाचली होती की कथेच्या लेखकाकडून काय अपेक्षा करावी, याचा आधीच बांधलेला अंदाज वाचला होता, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो.

दुसरी आठवण याच्या उलट आहे. धर्मशास्त्राचे प्राध्यापक जेम्स वेल्च यांनी एकदा विद्यार्थ्यांच्या तक्रारीला उत्तर देताना मोकळ्या मनाने कबूल केले, की तुम्हांला जे हवे आहे किंवा ज्याची तुम्हांला गरज आहे, ते आम्ही शिकवू शकू असे नाही. आम्हांला जे येते तेवढेच आम्ही शिकवू शकतो. अचेबे यांनी हे उद्गार जन्मभर आदराने स्मरणात ठेवले. त्यांत ज्ञानाची मर्यादा आहे, पण अहंता नाही. अध्यापकाला सर्व काही माहीत असलेच पाहिजे, असे कोणीच म्हणणार नाही. आपल्याला काय माहीत नाही, याची जाणीव त्याला असावी, एवढेच पुरे. ज्याला ती असते, त्याच्या अज्ञानाने विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. ज्याला ती नसते, त्याच्या विद्वत्तेनेही नुकसान होते.

तेव्हा त्या वर्गातील 'मिस्टर जॉन्सन'च्या वादाचा शेवट काय झाला? अध्यापकांना कोणी काढून टाकले नाही, पुस्तकाची होळी झाली नाही. एका विद्यार्थ्याच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली. आपली गोष्ट दुसरा कोणी सांगतो तेव्हा तो कितीही कुशल असला आणि त्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी ती आपली राहत नाही. ती आपणच सांगितली पाहिजे. 1953 मध्ये पदवी घेऊन अचेबे बाहेर पडले, काही महिने शिक्षक झाले, आणि 1954 मध्ये लागोस येथे नायजेरियाच्या नभोवाणीत भाषणविभागात नोकरीला लागले. इतरांची भाषणे नीट करणे, लिहिलेला शब्द कानाला कसा लागतो ते पाहणे, हे तेथील त्यांचे काम. माणसे प्रत्यक्षात बोलतात कशी, याचे शिक्षण त्यांना विद्यापीठापेक्षा या नोकरीने अधिक दिले.

रात्री घरी बसून ते जी कादंबरी लिहीत होते, ती 17 जून 1958 रोजी लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने प्रसिद्ध केली. तिचे नाव 'थिंग्ज फॉल अपार्ट'. पहिली आवृत्ती अवघ्या दोन हजार प्रतींची. हे पुस्तक हरवण्याच्याच बेतात होते. हस्तलिखित टंकलिखित करून घेण्यासाठी लंडनच्या एका संस्थेकडे पाठविले, पैसेही पाठविले. पण महिन्यामागून महिने गेले तरी उत्तर नाही. आफ्रिकेतून आलेले ते बाड कोणीतरी कोपऱ्यात टाकून दिले होते. नभोवाणीतील वरिष्ठ अधिकारी अँजेला बीटी रजेवर लंडनला गेल्या असता त्यांनी स्वतः जाऊन जाब विचारला, तेव्हा कोठे एक टंकलिखित प्रत हाती आली. पुढे याच कादंबरीची पन्नासांहून अधिक भाषांत भाषांतरे झाली आणि जगभर दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

या कादंबरीचा शेवट इबादानच्या वर्गाला दिलेले उत्तर म्हणून वाचण्यासारखा आहे. ओकोन्क्वो हा तिचा नायक. तो मानी आहे, तापट आहे, कष्टाळू आहे आणि चुकतोही. त्याचे गाव, त्याची शेती, न्यायनिवाडे, लग्नकार्ये, दैवते आणि त्या समाजातील निष्ठुर चालीही लेखकाने न लपविता दाखविल्या आहेत. मिशनरी आणि सरकार येते, जुनी घडी विस्कटते, आणि ओकोन्क्वो गळफास घेतो. तेथे इंग्रज जिल्हाधिकारी येतो. तो या मुलखाविषयी एक ग्रंथ लिहीत आहे. या माणसावर एखादे प्रकरण लिहिता येईल, असे त्याच्या मनात येते; मग वाटते, प्रकरण कशाला, एक परिच्छेद पुरे. वाचकाने ज्या माणसाबरोबर सारी कादंबरीभर आयुष्य काढले, त्याला साहेबाच्या ग्रंथात चार ओळींची जागा! कॅरी यांच्या कादंबरीत साहेबाची गोळी कारकुनाला मारते. येथे साहेबाची लेखणी तेच काम करते, आणि ते काम होताना वाचक डोळ्यांनी पाहतो. पूर्वग्रह म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण.

यानंतर सुमारे सतरा वर्षांनी अचेबे स्वतः प्राध्यापक म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात होते. 18 फेब्रुवारी 1975 रोजी त्यांनी ॲम्हर्स्ट येथे एक जाहीर व्याख्यान दिले. विषय होता जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही दीर्घकथा. 1899 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कथेला अमेरिकेतील वर्गावर्गांत अभिजात कृतीचा मान होता. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलाखाली काँगोत चाललेल्या लुटीचे तीत चित्र आहे आणि कॉनरॅड यांना त्या लुटीची घृणा होती, यात संशय नाही. परंतु अचेबे यांचा आक्षेप वेगळा होता. ज्यांची लूट होते ती काळी माणसे या कथेत माणसे म्हणून कोठे येतात? ती ओरडतात, नाचतात, मरतात. त्यांच्या वाट्याला बोलणे जवळपास नाहीच. एका गोऱ्या माणसाच्या मनाचा अधःपात दाखविण्यासाठी एक संपूर्ण खंड पडद्यासारखा मागे टांगलेला आहे. लेखकाच्या मनात वंशद्वेष होता, असा स्पष्ट निर्णय अचेबे यांनी त्या व्याख्यानात दिला.

सभागृहात खळबळ उडाली. आम्ही इतकी वर्षे जे शिकवीत आलो ते उलथून टाकण्याचे धाडस तुम्ही करता कसे, असा सवाल एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी केला. पण अचेबे यांनीच सांगितल्याप्रमाणे, त्यांना असेही एक अध्यापक भेटले, की ज्यांनी कबुली दिली, आपण हे पुस्तक वर्षानुवर्षे शिकविले खरे, पण ते कधी वाचलेच नव्हते, हे आता कळले. या दोन प्रतिक्रियांत सारी कथा आली. पहिल्या गृहस्थांना पुस्तकावरील टीका हा आपल्यावरचा हल्ला वाटला. दुसऱ्याला त्याच टीकेत पुन्हा विद्यार्थी होण्याची संधी दिसली.

अचेबे यांचा हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. कॉनरॅड यांनी साम्राज्यशाहीचा ढोंगीपणा ज्या धारदारपणे उघडा केला, त्याचे माप अचेबे पदरात घालीत नाहीत, कथा सांगणारा मार्लो आणि लेखक कॉनरॅड हे एकच समजून ते चालतात, अशी उत्तरे अनेकांनी दिली. त्यांत गोरे नसलेले समीक्षकही होते. कॉनरॅड हे जन्माने पोल. त्यांचा देश परसत्तेने वाटून घेतलेला, वडिलांना रशियन राजवटीने हद्दपार केलेले. कॅरीही आयर्लंडचेच. स्वतः पारतंत्र्याची झळ लागलेल्या मुलखांतून आलेल्या माणसांच्या लेखणीतही दुसऱ्या दुर्बळ समाजाविषयी अंधत्व राहू शकते, हे या वादाने पुढे आणलेले सत्य फार मोलाचे आहे. स्वतः सोसलेल्या दुःखाने मनुष्य दुसऱ्याविषयी आपोआप डोळस होत नाही. ती दृष्टी कमवावी लागते.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील केनियात हाच प्रश्न निराळ्या रीतीने पुढे आला. नैरोबीच्या विद्यापीठ महाविद्यालयातील न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघा अध्यापकांनी 1968 च्या ऑक्टोबरात एक टिपण लिहून इंग्रजी विभागच रद्द करण्याची सूचना मांडली. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. इंग्रजी साहित्य शिकवूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मध्यभागी इंग्लंड आणि कडेला बाकीचे जग, ही मांडणी त्यांना मान्य नव्हती. आफ्रिकेचे मौखिक व लिखित साहित्य केंद्रस्थानी ठेवावे आणि तेथून युरोपाकडे, आशियाकडे, अमेरिकेकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह. न्गुगी तर पुढे इंग्रजीत कादंबरी लिहिणे सोडून आपल्या गिकुयू भाषेकडे वळले. अचेबे मात्र इंग्रजीतच लिहीत राहिले. ती भाषा आपल्या मुलखाच्या मातीत मळून घेता येते, असा त्यांचा विश्वास होता. दोघांतील हा मतभेद मिटला नाही. अचेबे 2013 मध्ये आणि न्गुगी 2025 मध्ये दिवंगत झाले. प्रश्न अद्याप जिवंत आहे.

हा सारा वृत्तांत आपल्यापासून दूर समुद्रापलीकडचा आहे, असे समजून चालणार नाही. इबादानला जी शिक्षणपद्धती गेली, तीच एका शतकापूर्वी भारतात आली होती. 2 फेब्रुवारी 1835 च्या आपल्या टिपणात मेकॉलेसाहेबांनी हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या साऱ्या वाङ्मयाची किंमत युरोपीय ग्रंथालयाच्या एका फडताळाहूनही कमी ठरविली. आणि संस्कृत व अरबी या भाषा आपल्याला येत नाहीत, हेही त्याच टिपणात सांगून टाकले. न वाचता दिलेला शेरा तो हाच. पुढे 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. त्या विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी विद्येला आदराने वाघिणीचे दूध म्हटले, आणि तेच दूध प्यालेल्या लेखणीने 1874 पासून 'निबंधमाले'त स्वभाषेच्या निंदकांना झोडपून काढले.

परंतु गोऱ्या अध्यापकाचा पूर्वग्रह दाखवून थांबणे म्हणजे अर्धाच धडा वाचणे होय. उरलेला अर्धा आपल्याच घरातला आहे. 1885 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण पाठविले. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागाच नाही, त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्या पत्राचा आशय. चिनुआ अचेबे यांच्या जन्माच्या पंचेचाळीस वर्षे आधी पुण्यात विचारला गेलेला हा प्रश्न इबादानच्या प्रश्नाहून वेगळा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ते शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. येथे वर्गात अपमान करणारे पुस्तकही नव्हते. वर्गाचे दारच बंद होते. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृतचा अभ्यास केला आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवण्यात आले होते, त्यांचीच चिकित्सा केली.

इबादानच्या वर्गात तो वाद झाला त्याच 1952 साली खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांच्या कविता आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. बहिणाबाई त्याआधी वर्षभर, 1951 मध्ये निवर्तल्या होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतात राबणाऱ्या या बाईच्या बोलीला शाळेच्या वहीत लाल शाईच मिळाली असती. तीच बोली मराठीचे भूषण ठरली. आणि 'थिंग्ज फॉल अपार्ट' प्रसिद्ध झाली त्या 1958 मध्येच मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. लागोस आणि मुंबई यांची एकमेकांशी काही मसलत झालेली नव्हती. दोन्हीकडे एकच गोष्ट घडत होती. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले होते, ती माणसे आता स्वतः लिहू लागली होती.

आजही एखाद्या वर्गात एखादा मुलगा उठून म्हणतो, की सर, या धड्यातली माणसे आमच्यासारखी नाहीत. एखादी मुलगी घरची बोली बोलते आणि ती अशुद्ध ठरते; गुजराती, कानडी, हिंदी, कोंकणी यांच्या शेजाराने जिच्यात चार शब्द मिसळले आहेत ती मराठी मराठीच नव्हे, असे तिला ऐकावे लागते. उलट आपल्याच भाषेचा अभिमान बाळगणारा एखादा मराठी शिक्षक शेजारच्या भाषेच्या मुलांविषयी सहज एखादा विनोद करून जातो आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांत ज्याच्यावर विनोद झाला तो मुलगाही असतो, कारण न हसून त्याला चालत नाही. त्या हसण्याची किंमत अध्यापकाला कळत नाही. ती कित्येक वर्षांनंतर त्या मुलाला कळते.

अशा वेळी काय करावे? अचेबे यांच्या आयुष्यातून निघणारे उत्तर साधे, पण कष्टाचे आहे. ते पुस्तक फेकून देऊ नये. ते पुरते वाचावे, लेखकाने वाचले नसेल इतके बारकाईने वाचावे. मनाला जे टोचले ते वर्गात, सभ्यपणे परंतु स्पष्ट बोलून दाखवावे. अध्यापकाचा राग धरण्यापेक्षा त्याला जे ठाऊक नाही ते त्याच्यासमोर मांडावे. आणि शेवटी, आपली गोष्ट आपण लिहावी; तीत आपले दोषही झाकू नयेत. ओकोन्क्वोच्या गावातील क्रूर चाली अचेबे यांनी झाकल्या नाहीत, म्हणूनच त्या गावाच्या थोरवीवर जगाने विश्वास ठेवला.

अध्यापकांसाठीही त्या वर्गात एक धडा होता. आपण प्रेमाने दिलेल्या पुस्तकाने विद्यार्थी दुखावला, हे ऐकणे कोणालाही सुखाचे नसते. पहिल्याने आश्चर्य वाटते, मग राग येतो. त्या रागाच्या क्षणी जो म्हणू शकतो, की थांबा, मला हे पुस्तक पुन्हा वाचू द्या, तोच खरा गुरू. इबादानच्या त्या अध्यापकांनी 'मिस्टर जॉन्सन' पुन्हा वाचली की नाही, ते इतिहासात नमूद नाही. त्यांच्या वर्गातील ज्या विद्यार्थ्याने कथानायकाच्या मरणात आनंद मानला, त्याचे नावही गाजले नाही. पण त्याच्या त्या एका वाक्यानंतर वर्गात जी शांतता पसरली असेल, तिच्यातून आफ्रिकेची एक कादंबरी जन्माला आली. विद्यार्थ्याचे अप्रिय वाक्य ऐकून घेणारे वर्ग आपल्याकडे किती आहेत, हे प्रत्येक अध्यापकाने आपल्या मनाशी मोजून पाहावे.